पाळी चालू असताना स्तनाचा कर्करोग : केमो घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

ज्यांची पाळी अजून गेलेली नाही, स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली आहे, पण आजार स्तनापुरता किंवा फार तर काखेतल्या गाठींपर्यंतच (म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत) आहे, अशा विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या बायांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. निदान झाले की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कॅन्सर आहे म्हटल्यावर केमो घ्यावीच लागणार. दुसरा म्हणतो, अमक्याच्या सुनेचे केमोने काय हाल झाले ते पाहिले ना, आपल्याला ती नकोच. दोन्ही मते रिपोर्ट न वाचता झालेली असतात. खरा प्रश्न एवढाच असतो की बाकीचे उपचार घेतल्यावरही या विशिष्ट बाईला केमोने आणखी किती फायदा होईल, आणि त्यासाठी तिला काय सोसावे लागेल. त्याचे उत्तर प्रत्येकीचे वेगळे असते आणि ते डॉक्टरांशी बोलूनच मिळते. ते बोलणे नीट व्हावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

विचार करायला वेळ किती आहे

निदान झाल्या दिवशीच सुई लावली पाहिजे, असे सहसा नसते. ऑपरेशननंतर केमो द्यायची असेल तर ती साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात, आणि ९० दिवसांच्या पुढे ती लांबली तर परिणाम खालावतो, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे रिपोर्ट समजून घेण्यासाठी आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी आठ-पंधरा दिवस हाताशी असतात. मात्र सोयाबीन निघू द्या, कापूस वेचून होऊ द्या, मग दिवाळीनंतर पाहू, एवढी ढील या आजारात देता येत नाही. ज्या गाठींचा पुढे ट्रिपल निगेटिव्ह म्हणून उल्लेख येईल, त्यांच्या बाबतीत तर उशीर जास्तच महागात पडतो.

आधी रिपोर्ट पुरा करून घ्या

बियाणे कंपनीच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेली फाईल उघडली की त्यात सोनोग्राफीची फिल्म असते, औषधांची बिले असतात, ऑपरेशनचे कार्ड असते. पण ज्या कागदावर सगळा निर्णय अवलंबून आहे तो आयएचसीचा, म्हणजे गाठ कोणत्या प्रकारची आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा, कागद पुष्कळदा नसतो. तो बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टनंतर काही दिवसांनी येतो आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर कोणीतरी जाऊन आणायचा राहून जातो. तो आणल्याशिवाय केमोवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

त्या कागदावर तीन नावे शोधावीत : ईआर, पीआर आणि हर-टू. ईआर आणि पीआर म्हणजे गाठ स्त्रीच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढते का, याची खूण. ईआर १ टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' लिहिलेले असते. पण १ ते १० टक्के आणि ८०-९० टक्के यांत मोठा फरक आहे, आणि अगदी कमी टक्क्यांची गाठ पुष्कळदा हार्मोन नसलेल्या गाठीसारखीच वागते. म्हणून नुसते 'पॉझिटिव्ह' ऐकून थांबू नये, टक्के विचारावेत. हर-टू म्हणजे गाठीला वाढायला लावणारे एक प्रथिन. त्याचा आकडा ० किंवा १ असेल तर निगेटिव्ह आणि ३ असेल तर पॉझिटिव्ह धरतात. तो २ आला तर निकाल अर्धवट असतो आणि फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. २ वर थांबलेला रिपोर्ट घेऊन कोणी निर्णय सांगत असेल तर 'फिश केली का?' हा प्रश्न न संकोचता विचारावा.

त्याशिवाय गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची श्रेणी) १, २ की ३, काखेतल्या किती गाठी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, आणि केआय-६७ किती टक्के आहे, एवढे एका कोऱ्या कागदावर लिहून काढावे. केआय-६७ हा गाठ किती वेगाने वाढते याचा अंदाज आहे. तो ५ टक्क्यांच्या आत असेल तर वेग कमी आणि ३० टक्के किंवा जास्त असेल तर वेग जास्त मानतात. मधल्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये, कारण ते प्रयोगशाळेगणिक बदलतात. घरात कोणी शिकलेली मुलगी-मुलगा असेल तर हा कागद त्यांच्याकडून लिहून घ्यावा. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तोच कामी येतो.

पाळी खरोखर गेली आहे की नाही

शहरातल्या लेखांत हा मुद्दा सहसा येत नाही, पण आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. अंगावरून जास्त जाते, पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावरून पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढून टाकलेल्या पुष्कळ बाया खेड्यांत आहेत. त्यांची पाळी बंद झालेली असते, म्हणून त्या डॉक्टरांना 'पाळी गेली' असे सांगतात, आणि तेवढ्यावरून त्यांची गणना पाळी गेलेल्या बायांत होऊ शकते. पण पिशवी काढताना अंडाशय ठेवले असतील तर ते हार्मोन तयार करतच असतात. केमोचा फायदा आणि हार्मोनच्या गोळीची (म्हणजे हार्मोनला रोखणाऱ्या गोळीची) निवड या दोन्ही गोष्टी अंडाशय चालू आहेत की नाहीत यावर ठरतात. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या अंडाशय चालू असलेल्या बाईला एकट्या देऊन उपयोग होत नाही. म्हणून पिशवी काढलेली असेल तर ते वर्षासकट सांगावे, जुने डिस्चार्ज कार्ड मिळाले तर न्यावे, आणि अंडाशय ठेवले होते का हे कळत नसेल तर सोनोग्राफी व रक्तातील हार्मोनची तपासणी करून घ्यावी.

याच वेळी गरोदरपणाचीही तपासणी झाली पाहिजे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत केमो देत नाहीत. अंगावर पाजत असाल तर केमो सुरू झाल्यावर ते बंद करावे लागते, म्हणून तेही आधीच सांगावे.

आपली गाठ कोणत्या गटात बसते

ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर तिला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. अशा गाठीवर हार्मोनची गोळी चालत नाही, त्यामुळे केमो हेच मुख्य औषध उरते. गाठ अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल आणि काख स्वच्छ असेल तर केमो टाळता येते. १ सेंटिमीटरच्या वर बहुतेक सगळ्यांना ती सुचवली जाते. २ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल किंवा काखेत आजार असेल तर केमो ऑपरेशनच्या आधी देण्याकडे कल असतो, कारण गाठ किती विरघळली हे डोळ्यांनी दिसते आणि पुढचे औषध त्यावरून ठरवता येते. या गटात मी तरी कोणाला 'केमो टाळून पाहा' असे सांगणार नाही.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे औषध साधारण वर्षभर देतात. भारतात बनणाऱ्या याच औषधाच्या आवृत्त्यांमुळे ते पूर्वीपेक्षा बरेच आवाक्यात आले आहे. लहान गाठ आणि स्वच्छ काख असेल तर केमोही सौम्य देता येते : बारा आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि सोबत ट्रास्टुझुमॅब. 'माझ्यासाठी हा हलका कोर्स चालेल का?' असे विचारायला हरकत नाही.

खरी अडचण तिसऱ्या गटात येते, आणि सर्वांत जास्त बाया याच गटातल्या असतात : ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. काखेतल्या चार किंवा अधिक गाठी बाधित असतील तर केमोबद्दल फारसा वाद राहत नाही. गाठ अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणि काख स्वच्छ असेल तर केमो सहसा लागत नाही. या दोन्हींच्या मध्ये ज्या आहेत त्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा.

हार्मोनवाली गाठ आणि चालू पाळी

गाठीतल्या जनुकांची तपासणी करून आजार उलटण्याचा धोका आकड्यात सांगणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. त्यांतली ऑन्कोटाइप ही चाचणी सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. २०१८ मध्ये टेलरएक्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. काख स्वच्छ असलेल्या आणि आकडा २५ पर्यंत असलेल्या पन्नाशीपुढच्या बायांना केमोने जास्तीचा फायदा झाला नाही. पन्नाशीच्या आतल्या बायांचे तसे नव्हते. त्यांचा आकडा १५ पर्यंत असेल तर केमो नको, पण १६ ते २५ असेल तर थोडा फायदा दिसला, आणि तो २१ च्या पुढे जास्त ठळक होता. २०२१ मध्ये आरएक्सपाँडर अभ्यासाने काखेतल्या एक ते तीन गाठी बाधित आणि आकडा २५ पर्यंत असलेल्या बायांबद्दल असेच चित्र दाखवले. पाळी गेलेल्यांना केमोचा फायदा नाही. पाळी चालू असलेल्यांत पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या बायांचे प्रमाण केमोसह सुमारे ९४ टक्के आणि केमोशिवाय ८९ टक्के निघाले. म्हणजे शंभरांत पाच जणींचा फरक.

हा फरक केमोने पेशी मारल्यामुळे पडला, की केमोने अंडाशय बंद पाडल्यामुळे पडला, हा प्रश्न डॉक्टरांतही अजून सुटलेला नाही. केमो घेतल्यावर पुष्कळ बायांची पाळी थांबते आणि हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीला त्याचाही धक्का बसतो. आरएक्सपाँडरमध्ये केमो न घेतलेल्या थोड्याच जणींना अंडाशय थांबवण्याचे औषध मिळाले होते. म्हणून केमोऐवजी अंडाशय थांबवून गोळी दिली तर तेवढाच फायदा मिळेल का, यासाठी आता वेगळा अभ्यास चालू आहे. त्याचा निकाल हाती नसताना 'अंडाशय थांबवण्याचे इंजेक्शन घेते, केमो नको' हे सगळ्यांसाठी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. पण 'माझ्या बाबतीत अंडाशय बंद करण्याचा काय विचार आहे?' हा प्रश्न प्रत्येकीने विचारलाच पाहिजे, कारण केमो घेतली तरी आणि न घेतली तरी त्याचा संबंध येतो. अंडाशय थांबवण्यासाठी दर महिन्याला गोसेरेलिन किंवा ल्यूप्रोलाइडचे इंजेक्शन घेता येते. मूलबाळ पुरे झाले असेल आणि दर महिन्याला नागपूरला जाणे परवडणारे नसेल तर दुर्बिणीने अंडाशय काढून टाकण्याचाही मार्ग आहे. तो कायमचा आहे, म्हणून त्यावर शांतपणे विचार करावा.

ऑन्कोटाइपचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि गावातल्या बहुतेकींना तो झेपत नाही. बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही भारतीय चाचणी तिच्याहून बरीच स्वस्त आहे, मात्र तिच्यामागचा अभ्यास तेवढा मोठा नाही. कर्ज काढून चाचणी करण्याआधी डॉक्टरांना एकच विचारावे : 'चाचणीच्या निकालावरून तुमचा सल्ला बदलणार आहे का?' बदलणार नसेल तर चाचणी करू नये. ग्रेड ३, केआय-६७ जास्त आणि काखेत दोन बाधित गाठी अशा पस्तिशीच्या बाईला चाचणीशिवायही केमोच सुचवली जाईल, आणि ते योग्यच आहे.

फायदा शंभर बायांच्या हिशोबात मागा

'केमोने धोका एक तृतीयांशाने कमी होतो' हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. तेहतीस टक्के सूट दहा रुपयांवरही मिळते आणि हजार रुपयांवरही. हातात किती वाचले हे मूळ रकमेवर ठरते. समजा, ऑपरेशन आणि हार्मोनची गोळी घेऊनही शंभरांपैकी दहा जणींचा आजार उलटणार आहे. केमोने तो साधारण सात जणींवर येईल. म्हणजे तीन जणी वाचल्या, सात जणींचा केमो घेऊनही उलटला आणि नव्वद जणींनी ती घेतली नसती तरी त्या बऱ्याच राहिल्या असत्या. धोका मुळात चाळीस जणींना असेल तर त्याच हिशोबाने तेरा जणी वाचतात. हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे डॉक्टरांकडून मागावेत. इंग्लंडमध्ये तयार झालेले 'प्रेडिक्ट' नावाचे मोफत साधन डॉक्टर संगणकावर पाच मिनिटांत भरू शकतात. ते तिकडच्या बायांवरून बनवलेले आहे, म्हणून त्याचे उत्तर अंदाज म्हणून घ्यावे.

तीन टक्के फायद्यासाठी केमो घ्यावी का, याचे एकच बरोबर उत्तर नाही. पदरात लहान लेकरे असलेली बाई एका टक्क्यासाठीही तयार होते, आणि दुसरी एखादी पाच टक्क्यांनाही नको म्हणते. दोघींचा निर्णय मान्य करण्यासारखा आहे, मात्र तो तिचा असावा. सासरे, दीर आणि नवरा डॉक्टरांशी बोलतात, बाई बाहेर बाकड्यावर बसून असते आणि गाडीत बसल्यावर तिला निर्णय कळतो, असे पुष्कळदा होते. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवावे. सोबत बहीण किंवा आई असली तर ती मोकळेपणाने विचारू शकते.

काय सोसावे लागते

केमोने केस जातात आणि ती संपल्यावर परत येतात. मळमळीवर आता चांगली औषधे आहेत. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेलने हातापायांना मुंग्या येतात आणि कोणाकोणाच्या त्या राहूनही जातात, हे निंदण-वेचणी करणाऱ्या बाईने ध्यानात घ्यावे. लाल रंगाच्या औषधाने, म्हणजे डॉक्सोरुबिसिनने, थोड्या जणींच्या हृदयावर परिणाम होतो, म्हणून आधी टू-डी इको करतात; हृदय कमजोर असेल तर ते टाळून चार डोसांचा डोसेटॅक्सेल-सायक्लोफॉस्फमाइडचा कोर्स देता येतो का, ते विचारावे.

सर्वांत घातक गोष्ट ताप आहे. डोस घेतल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात आणि १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर तो जिवावर बेतू शकतो. वैशाखात पारा ४५ च्या वर गेला की अंग तसेही तापते, म्हणून हाताने अंदाज न करता घरात थर्मामीटर ठेवावा. ताप निघाला तर गावातल्या डॉक्टरकडून सुई घेऊन रात्र काढू नये, लगेच रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक देऊ शकणाऱ्या रुग्णालयात जावे. ते किती दूर आहे आणि रात्री दोन वाजता गाडी कोणाची मिळेल, हे होकार देण्याआधीच ठरवून ठेवावे. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होणारे गाव असेल तर त्या दिवसांपुरते तालुक्याच्या ठिकाणी नातलगाकडे राहणे बरे.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. स्वतःला किंवा घरात कोणाला असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगावे. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे जे इंजेक्शन केमोनंतर सर्रास दिले जाते, ते सिकल सेलचा आजार असलेल्या बाईला गंभीर त्रास देऊ शकते. तपासणी झालेली नसेल तर करून घ्यावी.

मूल हवे असेल तर हा विषय पहिल्याच भेटीत काढावा, लाजू नये. केमोने अंडाशय कायमचे बंद पडण्याची शक्यता वयाबरोबर वाढते; चाळिशीनंतर ती बरीच जास्त असते, तिशीत पाळी बहुधा परत येते. बीजांडे गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तो खर्च मोठा आहे. केमोच्या काळात अंडाशयांना विसावा देणारे गोसेरेलिन त्यापेक्षा स्वस्त आहे, पण ते पहिल्या डोसच्या किमान आठवडाभर आधी सुरू व्हावे लागते. पाळी थांबली म्हणून दिवस राहत नाहीत असे समजू नये. गर्भनिरोधक गोळ्यांऐवजी कॉपर-टी किंवा निरोध वापरावा. हार्मोनची गोळी दीड ते अडीच वर्षे घेतल्यावर काही काळ थांबवून मूल होऊ देता येते, असे २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले. मात्र हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

वैदूचा काढा किंवा जडीबुटी चालू असेल तर ती लपवू नये. केमो चालू असताना यकृतावर दोन्हींचा भार पडतो.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन, म्हणजे ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात ते, बसतात, आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटावे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव पुष्कळदा माहेरच्याच कार्डावर असते, आणि नेमके तेथे काम अडते. म्हणून निदान झाल्याबरोबर घरच्या एकाने तहसीलच्या त्या कामाला लागावे. नागपूरचे मेडिकल आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, यांपैकी जे घरून सोयीचे असेल तेथे उपचार आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त मत, असे करता येते. मत घ्यायला जाताना रिपोर्टबरोबर गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि काचाही (स्लाइड) मागून न्याव्यात. एसटीत बायांना अर्धे तिकीट आहेच. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो.

केमो नाही म्हटल्यावर

केमो नाकारली म्हणजे उपचार सोडले असे नाही, आणि ईआर पॉझिटिव्ह बाईने हे सर्वांत जास्त लक्षात ठेवावे. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागते. स्तन वाचवून ऑपरेशन झाले असेल तर शेकही सहसा घ्यावाच लागतो. गोळीने अंगातून गरम वाफा निघतात, घाम येतो, आणि बाया कोणाला न सांगता ती बंद करतात. केमो न घेतलेल्या बाईने तसे केले तर तिच्याजवळ फारसे काही उरत नाही. त्रास होत असेल तर सांगावे, त्यावर उपाय आहेत. मात्र फ्लुऑक्झेटिन किंवा पॅरॉक्झेटिन या गोळ्या दुसऱ्या कोणा डॉक्टरने लिहून दिल्या तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे सांगावे, कारण त्या तिचा असर कमी करतात. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला जावे आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन आणि रक्तातले मार्कर करण्यात पैसे घालू नयेत. नवी गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे, दम लागणे किंवा वजन उतरणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे.